वसाहत, सनद, बंड: हे शब्द आणि ही माणसं अभ्यासायची कशी

पुण्यात टिळक रस्त्याच्या मागच्या बाजूला एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर मी शनिवार-रविवार संध्याकाळी जगाचा इतिहास शिकवते. त्याआधी तेवीस वर्षं शाळेत शिकवत होते, त्यामुळे मुलं अजूनही ‘बाई’च म्हणतात. ती येतात इंदापूरहून, सोलापूरहून, मुळशीहून, काही थेट गडचिरोलीहून. सगळ्यांना स्पर्धा परीक्षा द्यायची असते. प्रत्येकाच्या वहीत शेवटी एक पान ठरलेलं: ‘महत्त्वाच्या संज्ञा व व्यक्ती’. डावीकडे शब्द, उजवीकडे एका ओळीची व्याख्या. ती ओळ घडाघडा पाठ असते. पण ‘अमेरिकेतलं जेम्सटाउनही वसाहत आणि पुणंही वसाहत, मग दोन्हीकडे सारखंच घडलं का?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

ते पान मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला सांगते. त्याऐवजी काय करायचं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. एकट्याने अभ्यास करणाऱ्यालाही हे जमेल.

सामान फार लागत नाही. पाठकोरे कागद, एक पेन्सिल आणि शाळेतला नकाशासंग्रह. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिका गोळा होतात. त्यांचा कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी, म्हणून त्याच कापून घेतो. एका पत्रिकेत दोन कार्डं बसतात. एका कार्डावर एकच शब्द किंवा एकच माणूस. पुढच्या बाजूला शब्द आणि त्याखाली हा शब्द कोणी वापरला: राज्यकर्त्याने, बंड करणाऱ्याने, की नंतरच्या इतिहासकाराने. मागे तीन प्रश्नांची उत्तरं. जमीन कोणाची होती आणि कोणाची झाली? पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला? कष्ट कोणाचे?

चौथा प्रश्न मला एका मुलीने दिला. मी जेम्सटाउन शिकवत होते: १६०७ साल, व्हर्जिनिया कंपनी, राजाची सनद म्हणजे लेखी हक्कनामा, नदीकाठची वस्ती. ती मुळशी तालुक्यातली. तिच्या आजोबांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तिने विचारलं, “बाई, तिथे आधी कोण राहत होतं?” मी तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे पाउहाटनांच्या, वस्त्यांबद्दल दोन वाक्यं बोलून पुढे निघाले होते, ती तिथेच थांबले. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे मावळे ज्यासाठी धरणाच्या कामावर आडवे झाले, तोच प्रश्न तिने अटलांटिकच्या पलीकडे नेऊन विचारला होता. तेव्हापासून कार्डाच्या मागे सगळ्यात वर ‘आधी कोण होतं?’ असतं आणि बाकीचे तीन त्याखाली.

पहिलं कार्ड: वसाहत

पुण्यात ‘वसाहत’ म्हटलं की पर्वतीच्या पायथ्याची जनता वसाहत आठवते, नाहीतर भोसरीची औद्योगिक वसाहत. त्यात चूक काही नाही. शब्द ‘वसणे’वरूनच आला आहे. म्हणून पहिली पायरी इथूनच घ्या: जे आले ते वसायला आले, की वसूल करायला?

व्हर्जिनियात इंग्रज वसायला आले. आधी उपासमारीने मेले, मग जॉन रॉल्फने लावलेल्या तंबाखूने त्यांचा जम बसला. तंबाखू जमिनीचा कस खातो, त्यामुळे सतत नवी जमीन लागायची आणि ती पाउहाटनांकडून घेतली जायची. या कार्डावर १६१९ हे साल ठळक लिहा. त्या वर्षी जेम्सटाउनला वसाहतवाल्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि त्याच वर्षी आफ्रिकेतून धरून आणलेली वीसेक माणसं व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवून विकली गेली. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहा, वेगळ्या करू नका. पुढच्या अमेरिकेचा सगळा पेच त्या एका ओळीत आहे.

पुण्यात तसं घडलं नाही. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली, १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, पण कोणी इंग्रज नांगर घेऊन हडपसरला शेती करायला आला नाही. त्यांनी लष्कर वसवलं आणि महसूल घेतला. जमीन कुणब्याच्याच हाताखाली राहिली, पीक कुठे जायचं ते मात्र बदललं.

तिसरा प्रकार मळ्यांचा. फ्रान्सच्या ताब्यातलं सां-दोमँग, म्हणजे आजचं हैती. १७८९च्या सुमारास तिथे सुमारे पाच लाख माणसं गुलाम होती आणि त्यांच्या मानाने गोरे मूठभर. आधी तिथे राहणारे ताइनो लोक स्पेनच्या अमलाखाली केव्हाच जवळजवळ नाहीसे झाले होते. साखर आणि कॉफी युरोपला जायची.

तीन कार्डं शेजारी ठेवली की एकाच शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी दडल्या आहेत हे दिसतं. बंड कुठे आणि कोणी केलं, तेही यावरून उलगडतं. वसायला आलेल्यांच्या मुलांनीच व्हर्जिनियात बंड केलं. हैतीत गुलामांनी केलं. आपल्याकडे रामोशांनी, कुणब्यांनी, पेन्शन बुडालेल्या सरदारांनी आणि नंतर शिकलेल्या कारकुनांनी.

एक शब्द जो नीट बघायलाच हवा: सेटलमेंट

या शब्दावर आमचा एक अख्खा रविवार जातो. इंग्रजी पुस्तकातून मुलं तो उचलतात आणि ‘वस्ती’ असा अर्थ लिहून मोकळी होतात. आपल्या मुलखात मात्र त्याला आणखी दोन अर्थ चिकटले आहेत आणि दोन्ही लोकांनी अंगावर सोसले आहेत.

एक अर्थ शेतसाऱ्याचा. मुंबई इलाख्यातल्या जमीनमोजणीची आणि सारा ठरवण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, ती गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६मध्ये आपल्या इंदापूर तालुक्यात बसवली. प्रत्येक शेताची प्रतवारी, त्यावरून आकार, आणि तो तीस वर्षांसाठी कायम. यालाही सरकारी भाषेत सेटलमेंटच म्हणत. तीस वर्षं संपली तेव्हा काय झालं, ते समजून घ्यायला पुन्हा अमेरिकेत जावं लागतं. १८६१ ते १८६५ तिथे यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात मोकळा सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि नेमक्या त्याच सुमाराला सारा नव्याने ठरवून वाढवला गेला. कर्ज राहिलं, सारा वाढला, पीक स्वस्त झालं. १२ मे १८७५ला बाजाराच्या दिवशी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले, ते हे सगळं साठत आल्यावर. त्यांनी माणसं मारण्यावर भर दिला नाही. कर्जाची खतं आणि वह्या मागितल्या आणि जाळल्या.

इंदापूरच्या एका मुलाने हे ऐकल्यावर सांगितलं की त्याच्या घरी ‘खत’ हा शब्द अजूनही दोन अर्थांनी वापरतात, शेतात टाकायचं ते आणि कपाटात ठेवायचं ते. मी त्याला कार्डावर तसंच लिहायला सांगितलं.

दुसरा अर्थ सोलापूरच्या मुलाने आणला. माझ्या टिपणात तो नव्हता. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींना तारेच्या कुंपणात डांबलं. सोलापूरला अशी मोठी सेटलमेंट होती. हजेरी द्यायची, बाहेर जायला परवाना घ्यायचा. तो मुलगा म्हणाला, “आमची आजी ‘मी सेटलमेंटात जन्मले’ असं म्हणते. मला वाटायचं गावाचं नाव आहे.” स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही पाच वर्षं त्या तारा तशाच होत्या. ३१ ऑगस्ट १९५२ला त्या जमाती विमुक्त झाल्या. तुमच्या घरात, तुमच्या गावात एखादा सरकारी शब्द असा रुतून बसला असेल तर त्याचं कार्ड पुस्तकातल्या शब्दाआधी करा.

चहा

सनद आणि मक्तेदारी हे शब्द कोरडे वाटतात, म्हणून ते मी चहावरून शिकवते. आम्ही खाली अमृततुल्यवर उतरतो. पितळी पातेल्यात चहा उकळत असतो, आलं ठेचल्याचा आवाज येत असतो, आणि मी मुलांना विचारते, अमेरिकेतल्या बॉस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात का फेकला? दहातले नऊ जण सांगतात, ‘महाग झाला म्हणून.’ मीही शाळेत बरीच वर्षं तसंच शिकवलं. ते चुकीचं होतं आणि त्या मुलांपर्यंत आता ही दुरुस्ती पोचवता येत नाही याचं मला वाईट वाटतं.

चहा स्वस्त झाला होता. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली होती, तिची गोदामं न विकलेल्या चहाने भरली होती. बंगालवर तिचा अंमल बसला आणि पाच वर्षांत, १७७०ला, तिथे भयंकर दुष्काळ पडला. कंपनीला वाचवायला ब्रिटिश पार्लमेंटने १७७३मध्ये तिला थेट अमेरिकेत चहा विकायची मुभा दिली. मधले व्यापारी गेले, भाव उतरला, पण पौंडामागे तीन पेन्सचा कर तसाच राहिला. तो कर वसाहतींच्या एकाही प्रतिनिधीला न विचारता बसवलेला होता. टपरीवर मी हिशोब मांडायला लावते: दहाचा चहा आठला मिळतोय, पण त्या आठातला एक रुपया कोणी, कुठे बसून ठरवला आणि तो कोणाच्या खिशात जाणार? शिवाय बाकीच्या टपऱ्या बंद पडणार असतील तर? मग मुलं स्वतःच बोलायला लागतात.

१६ डिसेंबर १७७३च्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या बॉस्टनच्या बंदरात रिकाम्या झाल्या. तो चहा चीनचा होता, आसामचा नव्हे. आसामात चहाचे मळे व्हायला अजून साठेक वर्षं होती. आणि त्याच १७७३ साली त्याच पार्लमेंटने कंपनीच्या हिंदुस्थानातल्या कारभारासाठी रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला. आपल्या पुस्तकात हा कायदा एका धड्यात येतो आणि बॉस्टन दुसऱ्या. दोन्हींचं कार्ड एकच करा. कंपनी एक, कर्ज एक, साल एक.

तैनाती फौज या कार्डाला फार वेळ लागत नाही, पण आकडा लिहायला विसरू नका. ३१ डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची सहा हजार पायदळ फौज ठेवून घेतली आणि तिच्या खर्चाला २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. आपल्या डोक्यावर दुसऱ्याची फौज, आणि तिचा पगार आपण द्यायचा. १८१८ला तो शरण गेला तेव्हा त्याला सालिना आठ लाखांची पेन्शन आणि बिठूर मिळालं.

दंगा, बंड, उठाव, क्रांती

या चार शब्दांची चार कार्डं करू नका. एकाच कार्डावर चारही लिहा आणि प्रत्येक घटना समोर आली की ती कोणत्या शब्दाखाली मांडली गेली आहे आणि कोणी मांडली, ते बघा. सुप्याच्या घटनेला सरकारने ‘दख्खनचे दंगे’ म्हटलं. चौकशी आयोग बसला आणि १८७९ला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, म्हणजे त्या ‘दंग्या’मागे गाऱ्हाणं होतं हे सरकारलाच मान्य करावं लागलं. हैतीत १७९१पासून तेरा वर्षं गुलाम लढले आणि १ जानेवारी १८०४ला त्यांचा सेनापती देसालीनने स्वातंत्र्य जाहीर केलं, तरी युरोपात कित्येक वर्षं त्याला कत्तल आणि बंडाळीच म्हणत राहिले. उमाजी नाईकाला इंग्रजी कागदांत दरोडेखोर म्हटलं आहे. तीन फेब्रुवारी १८३२ला त्याला पुण्यात फाशी दिली. जो स्वतःचे जाहीरनामे काढतो तो नुसता दरोडेखोर असतो का, हे मुलांनी स्वतः ठरवावं. माझं उत्तर मी सांगत नाही असं नाही. माझ्या मते तो राज्य परत मागत होता. पण आधी त्यांचं ऐकते.

बॉस्टनवाल्यांनी इंग्रजी माल नाकारला आणि घरी कातलेलं कापड घातलं. आपल्याकडे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७च्या दिल्ली दरबाराला खादी घालून गेले. दोन्हीला आपण सर्रास ‘बॉयकॉट’ म्हणतो, पण हा शब्द आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या आडनावावरून १८८०मध्ये रूढ झाला. टिळकांच्या चतुःसूत्रीतला ‘बहिष्कार’ आपल्या गावकीतला जुना शब्द आहे. परीक्षेत तोच लिहा.

माणसांची कार्डं

माणसाच्या कार्डावर जन्म-मृत्यूच्या तारखा मागच्या कोपऱ्यात बारीक लिहायच्या. मुख्य जागेत दोनच गोष्टी: याने काय मागितलं, आणि मागताना कोणाला बाहेर ठेवलं?

जेफरसनचं कार्ड या प्रश्नाने एकदम उघडतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या ४ जुलै १७७६च्या जाहीरनाम्यात सर्व माणसं समान असल्याचं लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. हे वाचून एखादा मुलगा चिडून कार्ड फाडायला निघतो. फाडू नका. त्याने लिहिलेलं वाक्य पुढे गुलामांनीच हत्यार म्हणून उचललं, तेही त्याच कार्डावर यायला हवं.

कॉर्नवॉलिस माझ्या आवडीचा, म्हणजे शिकवायला. ऑक्टोबर १७८१ला अमेरिकेत यॉर्कटाउनला वॉशिंग्टन आणि फ्रेंचांपुढे या इंग्रज सेनापतीला शरणागती द्यावी लागली. एवढ्यावर बहुतेकांची नोंद संपते. तोच १७८६ला गव्हर्नर-जनरल होऊन कोलकात्याला आला आणि १७९३ला बंगालवर कायमधारा, म्हणजे कायमचा ठरलेला सारा, बसवला. साम्राज्य एका किनाऱ्यावर हरतं आणि दुसऱ्या किनाऱ्यावर तीच माणसं कामाला लावतं. नकाशासंग्रहात यॉर्कटाउनपासून कोलकात्यापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढा.

वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असताना रजा मिळाली नाही, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तिथे थांबू नका. १८७६-७८चा दुष्काळ त्यांनी गावोगाव फिरून पाहिला, आणि त्यांच्या बंडात रामोशी होते, हे कार्डावर आलं पाहिजे. १८७९च्या जुलैत पकडले गेले, पुण्यात खटला चालला, आणि त्यांचं वकीलपत्र घेतलं ते खादी घालून दरबाराला गेलेल्या त्याच सार्वजनिक काकांनी. एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ला गेले.

हैतीच्या बंडाचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर, चापेकर बंधू, टिळक यांची कार्डं तुम्ही स्वतः करा. टिळकांसाठी १२४-अ हे राजद्रोहाचं कलम वेगळं लिहा. ते १८७०चं, आणि १८९७ आणि १९०८ दोन्ही खटले त्याच्यावर उभे आहेत.

जोतीराव फुल्यांचं कार्ड मात्र आम्ही वर्गात करत नाही. गंज पेठेत त्यांच्या वाड्यावर जातो, तुळशीवृंदावनाजवळ बसतो आणि ‘गुलामगिरी’ची १८७३ची अर्पणपत्रिका मोठ्याने वाचतो. ती अमेरिकेतल्या सज्जनांना आहे, निग्रोंच्या गुलामगिरीविरुद्ध त्यांनी केलेल्या निःस्वार्थ कामाबद्दल. आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना हा कित्ता गिरवावा, अशी इच्छाही तिथेच आहे. तरुणपणी थॉमस पेन वाचून त्यांचे विचार घडले होते. १७७६च्या जानेवारीत वसाहतींनी राजा नाकारावा म्हणून पत्रक काढणारा तो हाच पेन. कार्डाच्या मागे ‘आधी कोण होतं, जमीन कोणाची, कष्ट कोणाचे’ लिहायला बसलं की मुलांना उमगतं की जोतीराव हे प्रश्न इंग्रजांना तर विचारत होतेच, त्याआधीच्या राज्यालाही विचारत होते. इथे वर्गात वाद होतो, आवाज चढतात. मी थांबवत नाही. ज्याला जे पटलं ते त्याने आपल्या कार्डावर लिहावं आणि खाली कारण द्यावं.

उजळणी

साठेक कार्डं झाली की पत्त्यांसारखी पिसा. डोळे मिटून दोन काढा आणि दोन वाक्यांत त्यांचं नातं सांगा. ओढूनताणून नको, खरं, घडलेलं नातं. ‘बोलिव्हार’ आणि ‘हैती’ आलं तर: दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध लढताना हरून आलेल्या बोलिव्हारला हैतीचा अध्यक्ष पेत्याँ याने आसरा, माणसं आणि शस्त्रं दिली, आणि बदल्यात तुझ्या मुलखातले गुलाम सोड अशी अट घातली. ‘दुसरा बाजीराव’ आणि ‘१८५७’ आलं तर: १८५१ला तो गेल्यावर गव्हर्नर-जनरल डलहौसीने त्याच्या दत्तकपुत्राची पेन्शन नाकारली, आणि तो दत्तकपुत्र म्हणजे कानपूरचे नानासाहेब. नातं सापडलं नाही तर ती जोडी रबर लावून वेगळी ठेवा आणि आठवडाभर शोधा.

गेल्या रविवारी ‘गिरमिट’, म्हणजे मजुरीचा करार, आणि ‘हैती’ ही जोडी निघाली. मळ्यांवरची गुलामी हैतीने लढून मोडली. ब्रिटिशांनी कायद्याने बंद केली तेव्हा उसाच्या मळ्यांना हात हवेच होते, म्हणून १८३४पासून करार करून हिंदुस्थानी मजूर मॉरिशसला नेऊ लागले. त्यांत आपल्या कोकणातलेही होते. एवढं दोघींनी मिळून जुळवलं. करारात वर्षं किती, परतीचं भाडं कोणाकडे, हे शोधायचं बाकी आहे. जोडी अजून रबरात आहे.